ब्रेक लावलेली मोटार मागे येते का? (नववी विज्ञान: ३० मीटर की ४० मीटर)

गवती_चहा

लेक नववीत आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. 'गतीचे नियम' चालू आहे. क्लासच्या सराव परीक्षेत एक गणित आलं होतं, पेपर समोर ठेवून जसंच्या तसं टंकते:

"एक मोटार २० मी/से वेगाने जात आहे. चालकाने ब्रेक लावल्यामुळे तिच्यात ५ मी/से² एवढे एकसमान अवत्वरण निर्माण झाले. ब्रेक लावल्यापासून ६ सेकंदांत मोटारीने कापलेले अंतर काढा."

क्लासच्या उत्तरसूचीत एस = यूटी + ½ एटी² (एस अंतर, यू सुरुवातीचा वेग, ए त्वरण, टी वेळ) वापरून २० × ६ − ½ × ५ × ३६ = १२० − ९० = ३० मीटर दिलंय. लेकीने ४० लिहिलं आणि तीनपैकी भोपळा मिळाला. तिचं म्हणणं, "आई, गाडी चार सेकंदांतच थांबली. उरलेले दोन सेकंद ती नुसती उभी आहे."

मी कॉमर्सची, फिजिक्सशी संबंध दहावीलाच तुटला. नवरा म्हणतो, सूत्र पुस्तकातलं आहे, ते कसं चुकेल, पोरीने नको तिथे डोकं चालवलं. घरात दोन गट पडलेत. जाणकारांनो, बरोबर काय? आणि ४० बरोबर असेल तर सूत्र ३० का देतं?

तिरकस_कोन

४०. लेकीला माझ्यातर्फे आइस्क्रीम. नवऱ्याला नको.

चष्मिष्ट_नाना

जरा थांबा. गणितात "एकसमान अवत्वरण" स्पष्ट दिलंय, ६ सेकंदही दिलेत. दिलेली माहिती वापरायची, पदरची भर घालायची नाही. पेपर तपासणारा उत्तरसूची बघतो, मोटार बघत नाही. ३० लिहायचं, तीन मार्क पदरात पाडून घ्यायचे. बाकी तत्त्वज्ञान बारावीनंतर.

बारक्या_बुलेटवाला

नाना, माझी बुलेट ब्रेक मारल्यावर रिव्हर्स येत नाही. तुमची येत असेल तर मेकॅनिकचा पत्ता द्या.

शेंगदाणा_चिक्की

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

फळा_खडू

हा धडा शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

सूत्र बिचारं निर्दोष आहे. मोटारीचा वेग दर सेकंदाला ५ ने कमी होतोय: २०, १५, १०, ५, ०. चौथ्या सेकंदाअखेर शून्य. पण सूत्राला ही मोटार आहे हे ठाऊकच नाही. त्याला एवढंच सांगितलंय की त्वरण उणे ५ आहे आणि ते सहाही सेकंद तसंच राहणार आहे. मग ते इमानेइतबारे पुढे मोजत जातं. पाचव्या सेकंदाअखेर वेग उणे ५, सहाव्याअखेर उणे १०. म्हणजे ताशी ३६ किमी वेगाने मोटार उलटी पळतेय. मुलीला वहीत दर सेकंदाला मोटार कुठे आहे ते सूत्रानेच काढायला सांगा:

१ सेकंद: १७.५ मी
२ सेकंद: ३० मी
३ सेकंद: ३७.५ मी
४ सेकंद: ४० मी
५ सेकंद: ३७.५ मी
६ सेकंद: ३० मी

दोन सेकंदांनीही ३० आणि सहा सेकंदांनीही ३०. एवढं दिसल्यावर कुणालाही शंका यायला हवी.

ब्रेकचं घर्षण गतीच्या विरुद्ध दिशेने काम करतं. गती संपली की त्याचं कामही संपलं. चौथ्या सेकंदानंतर त्वरण उणे ५ राहिलेलंच नाही, ते शून्य झालं. "एकसमान" ही अट तिथे मोडली, आणि अट मोडली की सूत्रही लागू होत नाही. म्हणून अवत्वरणाच्या गणितात आधी व्ही = यू + एटी (व्ही म्हणजे शेवटचा वेग) घ्यायचं, व्ही शून्य धरायचा आणि थांबायची वेळ काढायची. ती दिलेल्या वेळेपेक्षा कमी आली तर अंतर तेवढ्याच वेळेचं. किंवा थेट व्ही² = यू² + २एएस वरून: ४०० भागिले १० = ४०.

आता खरी गंमत. आकडे तेच ठेवा, मोटार काढून टाका. ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावर खालून वर ढकललेला बर्फाचा ठोकळा घ्या. तिथे उताराच्या दिशेने खाली खेचणारं त्वरण ९.८ च्या निम्मं, ४.९, म्हणजे जवळजवळ ५. हा ठोकळा ४० मीटर वर जाईल, क्षणभर थांबेल आणि खरोखरच परत खाली यायला लागेल. कारण गुरुत्वाकर्षण ब्रेकसारखं सुट्टीवर जात नाही. सहा सेकंदांनी तो सुरुवातीच्या जागेपासून ३० मीटरवर असेल. ते त्याचं विस्थापन. आणि कापलेलं अंतर? ४० वर, १० खाली, एकूण ५०.

एकाच आकड्यांना ३०, ४० आणि ५० अशी तीन उत्तरं, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

गवती_चहा

@फळा_खडू, सर, ही यादी फ्रीजवर चिकटवली. दोन सेकंद आणि सहा सेकंद दोन्हीकडे ३० बघून नवरा गप्प झाला आहे. गप्पच आहे, मान्य केलेलं नाही.

चष्मिष्ट_नाना

वरच्या प्रतिसादावरून माझंच म्हणणं सिद्ध होतंय. सूत्राने विस्थापन मिळतं. प्रश्नात "अंतर"च्या जागी "विस्थापन" छापायला हवं होतं, एवढीच चूक. उत्तर ३० कायम.

तिरकस_कोन

नाना, मोटारीचं विस्थापनसुद्धा ४०च आहे हो. ती सरळ गेली आणि उभी राहिली. ३० हे बर्फाच्या ठोकळ्याचं विस्थापन.

बारक्या_बुलेटवाला

नानांची मोटार बर्फाची आहे. विषय संपला.

शेंगदाणा_चिक्की

मला एक वेगळंच विचारायचंय, हसू नका. तो अर्धा कुठून येतो? शाळेत पाठ केला, परीक्षेत लिहिला, मार्कही मिळाले, पण तो तिथे का बसलाय ते आजतागायत कळलेलं नाही. त्वरण गुणिले वेळ म्हणजे वेग, वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, मग सरळ एटी² का नाही?

पासबुक

@शेंगदाणा_चिक्की, फिजिक्स आपला प्रांत नाही, पण बँकेत हा अर्धा रोज भेटायचा. आरडी घ्या. दरमहा १००० रुपये, १२ महिने, ६ टक्के, सोयीसाठी सरळव्याज धरू. नवीन गिऱ्हाईक म्हणतं, १२,००० वर ६ टक्के म्हणजे ७२० रुपये झाले. हातात पडतात ३९०. मग काउंटरवर भांडण. त्याला समजावायचं की बाबा, पहिला हप्ता बारा महिने राहिला, शेवटचा एकच महिना. १२ + ११ + १० असं करत १ पर्यंत, एकूण ७८. हजार रुपयांचं महिन्याचं व्याज ५ रुपये, म्हणून ७८ × ५ = ३९०. पूर्ण १२,००० खात्यात वर्षभर नव्हतेच, सरासरी काढली तर निम्म्याच्या आसपास होते. तुमचा शेवटचा वेगही सुरुवातीपासून नव्हताच ना?

शेंगदाणा_चिक्की

अय्या! इतक्या वर्षांनी.

तिरकस_कोन

@पासबुक, भारी. आणि निम्मं म्हणजे ३६० यायला हवे होते, ३९० का आले? कारण पैसे महिन्याला एकदम भरले जातात, पायऱ्यापायऱ्यांनी. तीच रक्कम रोज थोडी थोडी भरली तर व्याज ३६१ च्या घरात येईल. पायऱ्या अजून बारीक करत गेलात की ३६०. पायऱ्या संपून उतार झाला की नेमका अर्धा. अकरावीत यालाच समाकलन म्हणून घाबरवतात.

फळा_खडू

अर्ध्याचं चित्रही काढता येतं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वेग. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. नववीच्या पुस्तकात आयत अधिक त्रिकोण असं करून दुसरं समीकरण काढलंय ते हेच: आयत म्हणजे यूटी, त्रिकोण म्हणजे ½ एटी². त्रिकोणाच्या क्षेत्रफळातला अर्धा, दुसरं काही नाही. गवतीताई, तुमच्या लेकीला तिच्या मोटारीचा आलेख काढू दे. २० पासून खाली येणारी रेषा चारवर अक्षाला टेकते, पुढे अक्षावरूनच सपाट जाते. त्रिकोणाचा पाया ४, उंची २०, क्षेत्रफळ ४०. क्लासच्या सरांसमोर सूत्रावर वाद घालण्यापेक्षा हा त्रिकोण ठेवा.

ही युक्ती जुनी आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या मंडळींनी मांडलं की एकसमान वाढत्या वेगाने जेवढं अंतर होतं, तेवढंच मधल्या वेगाने एकसारखं जाऊन होतं. थोड्याच वर्षांत फ्रान्समध्ये निकोल ओरेम याने त्याची आकृती काढली. गॅलिलिओ त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

उगवता_सूर्य

गॅलिलिओ-बिलिलिओ राहू द्या. आपल्या भास्कराचार्यांनी हे सगळं कधीच लिहून ठेवलंय. आपल्याच लोकांना किंमत नाही.

तिरकस_कोन

किंमत आहे, म्हणूनच नेमकं बोलू. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ग्रहांची तात्कालिक गती मांडली, म्हणजे दिवसभराची सरासरी न घेता त्या क्षणाची गती. ती फार मोठी झेप होती. पण ते गणित आकाशातल्या ग्रहांच्या जागेचं आहे, पडणारा दगड किती सेकंदांत किती खाली येतो याचं नाही. त्यांच्या खात्यात जे आहे तेच भरपूर आहे, दुसऱ्याचं कशाला टाकायचं? चाळीसगावजवळ पाटणला जाऊन या. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख आहे तिथे.

उगवता_सूर्य

पाटणला जाऊन आलोय. तुम्ही गेला आहात का, ते सांगा.

तिरकस_कोन

हो. पावसाळ्यात जा, पाटणादेवीचा परिसर सुंदर असतो. (धाग्याचा वेगविरुद्धकाल आलेख भरकटलाय, परत येऊ.)

पाटपाणी

लेकीला घरी करून दाखवायचं असेल तर सोपा प्रयोग सांगते, भाच्यांबरोबर केलाय. अॅल्युमिनियमचा सहा फुटी अँगल घ्या, पाऊण इंची. इंग्रजी व्ही अक्षरासारखा उपडा न करता उताणा ठेवा, म्हणजे त्याची पन्हळ होते. एका टोकाखाली दोन-तीन वह्या. सुरुवातीपासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर स्केचपेनने खुणा. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला ६० ठोके. गोटी सोडताना बोटाने सोडू नका, हमखास धक्का बसतो. पट्टी आडवी धरून तिच्यामागे गोटी टेकवायची आणि ठोक्याला पट्टी उचलायची.

वह्या कमीजास्त करत पहिल्या ठोक्याला गोटी १० च्या खुणेवर येईल असा उतार जमवा. टोक सहा-सात सेंटिमीटर वर घेतलं की जवळपास जमतं. तेवढं एकदा जमलं की बाकीच्या खुणांना हात लावायची गरज पडत नाही. दुसऱ्या ठोक्याला ४०, तिसऱ्याला ९०, चौथ्याला १६०. पोरं अक्षरशः किंचाळतात. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काढलं तर अजून स्पष्ट दिसतं. दोन खुणांमधली अंतरं मोजायला सांगा: १०, ३०, ५०, ७०. म्हणजे १, ३, ५, ७. विषम संख्या!

फळा_खडू

@पाटपाणी, वा! हा गॅलिलिओचाच प्रयोग. त्याच्याकडे मेट्रोनोम नव्हता. बारा हात लांब लाकडी तुळईला खाच, खाचेला आतून गुळगुळीत चर्मपत्र, आणि ब्राँझची गोळी. वेळ मोजायला पाण्याने भरलेलं भांडं, त्याच्या बुडातून बारीक धार. गोळी खाली पोहोचेपर्यंत जेवढं पाणी जमलं त्याचं वजन करायचा. उतार का, तर सरळ पडणारी वस्तू त्या घड्याळाच्या मानाने फारच झटकन खाली येते. उताराने तीच गोष्ट सावकाश करून बघता येते.

आणि त्यालाही एका झटक्यात जमलं नाही. १६०४ च्या सुमाराला वर्गाचा नियम (अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं) त्याच्या हातात होता, पण वेग हा पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं तो धरून चालला होता. वेग वेळेच्या प्रमाणात वाढतो, हे त्याने नंतर सुधारलं. छापून आलं १६३८ मध्ये, हॉलंडमधल्या लायडनला, कारण इटलीत तो नजरकैदेत होता. नववीच्या मुलांना आपण हे सगळं एका तासिकेत उरकून देतो.

सीईटी_ग्रस्त

काका, मग तो एनव्या सेकंदातल्या अंतराचा फॉर्म्युला हाच का? यू + ए/२ (२एन − १). त्यात (२एन − १) म्हणजे विषम संख्याच आल्या की. पण माझा प्रॉब्लेम वेगळाय. डावीकडे अंतर, मीटर. उजवीकडे यू म्हणजे मी/से. मिती जुळतच नाहीत. सरांना विचारलं तर म्हणाले, चार पर्याय बघ, उत्तर टिक कर.

तिरकस_कोन

बरोबर पकडलंस. यूला तिथे १ सेकंदाने गुणलेलं आहे आणि तो १ लिहायचा आळस केलाय. पहिल्या एन सेकंदांचं अंतर वजा पहिल्या एन − १ सेकंदांचं अंतर असं करून बघ, प्रत्येक पदात तो एक सेकंद लपलेला सापडेल. मुळात हे सूत्र पाठच करू नकोस. दोन वजाबाक्यांचं काम आहे. आणि गवतीताईंच्या मोटारीत पाचव्या सेकंदाचं अंतर या सूत्राने काढ, उणे २.५ येईल. उणे अंतर!

लूपलाईन

रेल्वेत ऑपरेटिंगला होतो. आमचं पोट याच गणितावर चाललं म्हणून लिहितो.

होम सिग्नलच्या (स्टेशनात शिरण्याआधी गाडी थांबवणारा) आधी किमान १ किमीवर डिस्टंट सिग्नल (आगाऊ सूचना देणारा) असतो. डिस्टंट पिवळा दिसला की ड्रायव्हरने गाडी अशी आवरायची की होमला उभी राहील. आता ताशी ११० किमी म्हणजे ३०.६ मी/से. वर्ग सुमारे ९३४. भागिले दुप्पट अंतर, २०००. आलं ०.४७ मी/से². एवढं अवत्वरण मिळालंच पाहिजे. तुमच्या गणितातल्या मोटारीचं ५, म्हणजे रेल्वेच्या दहापटीहून जास्त. लोखंडी चाक, लोखंडी रूळ, पकड कमी, वजन अफाट.

ताशी १३० ला तोच हिशोब ०.६५ वर जातो. वेग वाढला २० टक्क्यांच्या आत, गरज वाढली ४० टक्क्यांच्या आसपास, कारण वर्ग. म्हणून जास्त वेगाच्या मार्गांवर डबल डिस्टंट असतात, २ किमीवरून पहिली सूचना. मग १३० लाही ०.३३ वर भागतं.

आणि तुमचं ते "एकसमान" प्रत्यक्षात नसतंच. एअर ब्रेकमध्ये पाइपातला दाब इंजिनाकडून कमी होत होत शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. लांबलचक मालगाडीत पुढच्या वॅगनींना ब्रेक लागलेला असतो आणि मागच्या अजून ढकलत असतात. सूत्र लावायचं, पण वर भरपूर मार्जिन ठेवायची.

बारक्या_बुलेटवाला

@लूपलाईन, म्हणजे फाटक बंद असताना खालून वाकून जाणाऱ्यांना "ड्रायव्हर बघेल आणि थांबवेल" असं वाटतं ते...

लूपलाईन

ड्रायव्हर बघतो. थांबवू शकत नाही. ताशी ११० ला तो माणूस त्याला ३०० मीटरवर दिसला तर गाडी तिथे सुमारे १० सेकंदांत पोहोचते, आणि थांबायला लागतं त्याच्या तिप्पट अंतर. यापुढे या विषयावर लिहीत नाही.

मु_पो_लीड्स

इकडे इंग्लंडात लायसन्सच्या लेखी परीक्षेसाठी हे आकडे घोकावे लागतात. ताशी ३० मैल (४८ किमी): विचारात ९ मीटर, ब्रेकमध्ये १४ मीटर, एकूण २३. ताशी ६० मैल: १८ आणि ५५, एकूण ७३. वेग दुप्पट केला तर विचाराचं अंतर दुप्पट आणि ब्रेकचं जवळजवळ चौपट. घोकताना चिडचिड झाली, मग सूत्राने उलट काढून बघितलं: यामागे अवत्वरण साधारण ६.५ मी/से² धरलंय आणि प्रतिक्रियेला ०.६७ सेकंद. कोरड्या रस्त्याचे, चांगल्या टायरचे, जाग्या माणसाचे आकडे. फोन हातात असलेल्याचे नाहीत.

रच्याकने, इथल्या शाळेत पाच समीकरणं शिकवतात, एस, यू, व्ही, ए, टी या पाच अक्षरांवरून नाव पाडलंय "सुवॅट". प्रत्येक गणितात आधी पाचही अक्षरं उभी लिहायची आणि समोर दिलेल्या किमती. नववीच्या मुलांना उपयोगी आहे.

चष्मिष्ट_नाना

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचं काढा. तिथे कारला १०० ची मर्यादा आहे.

मु_पो_लीड्स

@नाना, १०० म्हणजे २७.८ मी/से. अवत्वरण ७ धरलं, प्रतिक्रिया १ सेकंद: २८ आणि ५५, एकूण ८३ मीटर. १२० ने गेलात तर ३३ आणि ७९, एकूण ११२. पावसात पकड कमी होऊन अवत्वरण ४ वर आलं तर १०० लाच नुसत्या ब्रेकचे ९६ मीटर, विचाराचे २८ वेगळे.

चष्मिष्ट_नाना

इथे थांबल्यावर मागे येण्याचे धरले नाहीत का? (हलके घ्या.)

शेंगदाणा_चिक्की

नाना सुधारतायत!

कोरडवाहू

आमच्याकडे विहिरीत दगड टाकून खोली सांगणारे म्हातारे आहेत. "चार परस असेल" (परस म्हणजे खोलीचं जुनं माप) म्हणतात आणि ते बरोबर निघतं. सूत्राने कसं काढायचं? मी मोबाइलच्या घड्याळावर बघितलं, दगड सोडल्यापासून डुबुक ऐकू येईपर्यंत दोन सेकंद.

सीईटी_ग्रस्त

½ × ९.८ × ४ = १९.६ मीटर, ६४ फूट. पण आवाजाला वर यायला वेळ लागतो तो वजा करायला हवा. आवाज ३४० मी/से धरून सोडवलं तर १८.५ मीटर. म्हणजे एक मीटरने जास्त आलं होतं. शिवाय ही खोली पाण्याच्या पातळीपर्यंतची, तळापर्यंतची नाही.

तिरकस_कोन

@सीईटी_ग्रस्त, आवाजाची दुरुस्ती करायला गेलास हे छान, पण कोरडवाहूंचं बोट बघ. डुबुक ऐकून बटण दाबायला ०.२ सेकंद सहज इकडेतिकडे होतात. दोन सेकंदांनी दगडाचा वेग जवळपास १९-२० मी/से, म्हणजे ०.२ सेकंदात पावणेचार-चार मीटर. बोटाची चूक चार मीटर आणि आवाजाची एक. आधी बोट सुधार. सोपा उपाय म्हणजे मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा. दगड कठड्यावर ठेवून काठीने टक् करून ढकलायचा, ती टक् आणि डुबुक दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये येतात. त्यांच्यातलं अंतर आलेखावर मोजता येतं. मग आवाजाची दुरुस्ती करण्यात अर्थ आहे.

कोरडवाहू

काठीने ढकलला तर दगड तिरका जाईल की.

फळा_खडू

जाऊ द्या तिरका. आडवा वेग दिला तरी खाली पडायला तेवढाच वेळ लागतो. फक्त समोरच्या भिंतीवर आपटू देऊ नका, हलकेच ढकला. आणि कठड्यावर ओणवं होऊन मुलांना करू देऊ नका.

गवती_चहा

धागा बराच लांब गेला, सगळ्यांचे आभार. अपडेट देते. लेक आलेखाचा कागद घेऊन क्लासला गेली होती. सर चांगले निघाले, पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, हे गणित जुन्या सरावसंचातून आलंय, तिथे उत्तर ३० होतं म्हणून तेच ठेवलं गेलं. पुढच्या बॅचसाठी ६ सेकंदांच्या जागी ३ करणार आहेत, म्हणजे उत्तर ३७.५ आणि वाद नाही. मार्क मात्र वाढवले नाहीत, निकाल लागून गेला म्हणे. लेकीला मार्कांचं फारसं नाही, वर्गासमोर फळ्यावर त्रिकोण काढायला मिळाला याचंच कौतुक चाललंय.

तिरकस_कोन

सरांनी ऐकून घेतलं हे उत्तमच. पण ६ चे ३ करून एक चांगला प्रश्न बाद केला. ६ तसेच ठेवून उत्तर ४० करायला हवं होतं. वर्गातली निम्मी मुलं ३० लिहितील, मग अर्धा तास त्यावरच बोलायचं. ३ सेकंदांच्या गणितात बोलण्यासारखं काय उरतं?

फळा_खडू

शंभर टक्के. मी तर मोटार आणि बर्फाचा ठोकळा एकाच प्रश्नात अ आणि ब करून द्यायचो.

चष्मिष्ट_नाना

निकाल लागून गेला म्हणजे अधिकृतरीत्या ३० कायम. नोंद घ्यावी.

बारक्या_बुलेटवाला

नानांना उतारावर पार्क करा कुणीतरी.

शेंगदाणा_चिक्की

@पाटपाणी, अॅल्युमिनियमचा अँगल कुठे मिळेल? हार्डवेअरच्या दुकानात गेले तर बारा फुटी अख्खा घ्या म्हणतायत.

पाटपाणी

हार्डवेअरमध्ये नको जाऊस. स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडे जा, त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, वजनावर देतात. फक्त कापलेल्या टोकाची धार घासून घे, हाताला लागते. आणि सरळ आहे ना ते डोळ्यासमोर धरून बघ, जरा जरी पोक असलं तरी गोटी मध्येच रेंगाळते.

शेंगदाणा_चिक्की

गोटी कुठली, काचेची की बेअरिंगमधली?

पाटपाणी

बेअरिंगमधली मिळाली तर सोन्याहून पिवळं. काचेची नीट गोल असेलच असं नाही. सायकलवाल्याकडच्या फार बारीक असतात, गॅरेजमध्ये विचार.